पंप कामगाराचा, हवा कोणाची?

कामावर एखाद्याला धाप लागली की आपल्याकडे पहिला प्रश्न त्यालाच विचारतात, ‘पंप आणलाय ना?’ प्रश्न काळजीपोटीच असतो. पण तो विचारता विचारता एक निवाडाही होऊन गेलेला असतो. आजार त्याचा, औषध त्याचे, तेव्हा सांभाळायचेही त्यानेच. दमा अंगातला, घराण्यातला, फार तर पावसाळी हवेतला, असे आपण धरून चालतो. ज्या पत्र्याखाली तो माणूस रोज आठ-दहा तास श्वास घेतो, तिथल्या हवेची चौकशी कुणी करत नाही. खरे तर दमा उसळायला दोन गोष्टी लागतात. एक हळवी श्वासनलिका आणि दुसरी तिला डिवचणारी हवा. पहिली कामगाराची, हे मान्य. दुसरी मालकाच्या, व्यवस्थापनाच्या नाहीतर ठेकेदाराच्या हातात असते. खिडकी उघडी ठेवायची की एसीसाठी बंद करायची, कोणता रंग आणायचा, फरशी कशाने धुवायची, यातले काहीही कामगार ठरवत नाही. मग कामामुळे जडलेला किंवा कामावर बळावणारा दमा हा निव्वळ त्याचा खासगी मामला कसा? तो सरकारदरबारी मोजला गेला पाहिजे. जोवर मोजला जात नाही, तोवर त्या पत्र्याखालची हवा बदलण्याची निकड कुणालाच भासणार नाही.

आधी आजाराचे आकारमान पाहू. जागतिक रोगभाराच्या अभ्यासांनुसार भारतात दम्याचे सुमारे साडेतीन कोटी रुग्ण आहेत. जगातल्या एकूण रुग्णांपैकी हे १३ टक्क्यांच्या आसपास. पण दम्याने होणाऱ्या जगभरच्या मृत्यूंपैकी ४२ टक्क्यांहून अधिक आपल्या देशात होतात. या दोन आकड्यांमधले अंतर अस्वस्थ करणारे आहे. दमा काही आपल्याकडेच जास्त घातक नाही. तो ओळखला उशिरा जातो आणि त्याच्यावर अर्धवट उपचार होतात, असाच याचा अर्थ. यात कामाच्या जागेचा वाटा किती? अमेरिकन थोरॅसिक सोसायटी आणि युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटी या दोन संस्थांनी २०१९ मध्ये जगभरचे अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज असा की प्रौढांमधल्या दम्यापैकी साधारण १६ टक्के दमा कामाच्या जागेतल्या संपर्कामुळे होतो. म्हणजे दर सहामागे एक. शिवाय आधीपासून दमा असलेल्या आणि नोकरी करणाऱ्या लोकांपैकी पाचातल्या एकाचा तरी दमा कामावर बळावतो, असा अमेरिकन संस्थेचा २०११ चा निष्कर्ष आहे. हे प्रमाण आपल्या साडेतीन कोटींना लावून मोठा आकडा मिळवण्याचा मोह आवरलेला बरा. ते अभ्यास बहुतांशी श्रीमंत देशांतले आहेत, आपले कारखाने आणि आपली गॅरेजे वेगळी. आपला स्वतःचा आकडा असायला हवा होता, तो नाही, आणि का नाही याचे उत्तर पुढे कायद्यात सापडते.

कामामुळे दमा होतो म्हणजे नेमके काय, हे डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात सगळ्यांत स्पष्ट दिसते. मोठ्या वाहन कारखान्यांत रंगकाम बंदिस्त कक्षात होते आणि बरेचसे यंत्रमानव करतात. शहरातल्या गल्लीतल्या गॅरेजात मात्र गाडीला पुट्टी भरून, घासून, वर जुनी वर्तमानपत्रे चिकटवून पोरगा स्प्रे गन हातात घेतो. तोंडाला रुमाल, नाहीतर करोनाच्या काळातला उरलेला कापडी मास्क. गाडीला चकाकी देणारा जो दोन डब्यांचा रंग असतो, त्यातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट कुळातली रसायने असतात. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेतला वायूही याच कुळातला, अर्थात त्याचे गुणधर्म आणि ती घटना दोन्ही वेगळी. या रसायनांची मेख अशी की त्यांचा वास नाकाला जाणवेपर्यंत बहुधा धोक्याची पातळी ओलांडलेली असते. रुमालातून धुळीचे मोठे कण अडतील, ही वाफ नाही. पहिल्या दिवशी काही होत नाही, पहिल्या महिन्यातही नाही. शरीर त्या रसायनाची ओळख पटवून घ्यायला काही महिने, कधी दोन-तीन वर्षे घेते. एकदा ओळख पटली की मग शेजारच्या शेडमध्ये कुणी गन चालवली तरी छाती आवळते. आधी फक्त रात्रीचा खोकला, तोही कामावरून घरी गेल्यावर. त्यामुळे त्याचा कामाशी संबंध आहे, हे ना त्या पोराच्या ध्यानात येत, ना मिस्त्रीच्या, ना कोपऱ्यावरच्या डॉक्टरच्या. काम सुटल्यावर तरी तो बरा होतो का? उपलब्ध अभ्यासांची सरासरी सांगते की संपर्क पूर्ण थांबवल्यावरही जेमतेम एक तृतीयांश रुग्णांची लक्षणे पूर्णपणे जातात. जितक्या लवकर ओळखला, तितकी सुटकेची शक्यता जास्त. म्हणून येथे निदानातली दिरंगाई म्हणजे दोन आठवडे जास्त खोकला एवढेच नसते, पुढच्या चाळीस वर्षांचा श्वास त्यावर ठरतो.

बेकरीतला दमा तर तीनशे वर्षांहून जुना आहे. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कारागिरांच्या आजारांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात पिठात काम करणाऱ्यांचा खोकला आणि धाप याची नोंद आहे. रुग्णाला त्याचा धंदा विचारा, असे वैद्यांना बजावणाराही तोच. आज मैद्याची धूळ आणि पाव मऊ करण्यासाठी पिठात मिसळली जाणारी विकरे, ही जगभर कामाशी निगडित दम्याची ठळक कारणे मानली जातात. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. त्यावरून बरीच चर्चा झाली. पावाची चव जाईल का, इराणी बेकऱ्यांचे काय होईल, पाव महागेल का. धुरांड्यातून बाहेर पडणाऱ्या धुरावर शहराने हक्क सांगितला ते योग्यच झाले. पण त्या सगळ्या चर्चेत धुरांड्याच्या आतल्या बाजूला पीठ चाळणाऱ्या माणसाच्या छातीचा विषय जवळपास आलाच नाही. पोते खांद्यावरून घमेल्यात किंवा मिक्सरमध्ये उपडे केले की उठणारा पांढरा लोट, चिकटू नये म्हणून ओट्यावर मुठीने भिरकावलेला मैदा, पाळी संपल्यावर कोरड्या झाडूने झाडलेली फरशी, आणि रिकामे पोते झटकणे. या चार वेळी हवेत सर्वांत जास्त पीठ असते. भट्टीत लाकूड जळो की गॅस, या चार गोष्टींत काडीचा फरक पडत नाही.

कारखाना म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर यंत्र आणि पुरुष येतात, त्यामुळे हाउसकीपिंगच्या बायका या हिशेबातून सुटतात. गृहनिर्माण सोसायट्या, मॉल, रुग्णालये, आयटी कंपन्यांचे मजले, सगळीकडे त्या ठेकेदारामार्फत आलेल्या असतात. संडास धुवायचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र झाली की क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात हे एकदा जरी जोरात झाले, तरी आधी दमा नसलेल्या बाईला त्या एका प्रसंगातून दमा जडू शकतो. याला आधी संवेदनशीलता तयार व्हायचीही गरज नसते. आणि मोठा प्रसंग न घडताही रोजचे थोडे थोडे साचत जाते. नॉर्वेतल्या बर्गेन विद्यापीठाच्या पुढाकाराने युरोपातल्या सहा हजारांवर लोकांचा सुमारे वीस वर्षे मागोवा घेतला गेला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात साफसफाई करणाऱ्या स्त्रियांची फुप्फुसांची क्षमता इतर स्त्रियांपेक्षा जास्त वेगाने घटलेली आढळली. डब्यावरची सूचना इंग्रजीत असते, डबाही अनेकदा मूळचा नसतोच. मोठ्या कॅनमधून जुन्या पाण्याच्या बाटलीत ओतून दिलेले असते. बाटलीवर लेबल लावणे आणि दोन रसायने एकाच बादलीत घालू नयेत हे मराठीत, हिंदीत लिहून भिंतीवर डकवणे, यासाठी कुठल्या अर्थसंकल्पाची वाट पाहायची?

आता कायद्याकडे. कामगार नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा आणि कर्मचारी राज्य विमा कायदा, या दोन्हींच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यावसायिक आजारांची यादी होती; आता त्यांची जागा घेतलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे, आणि तिच्यात कामाच्या प्रक्रियेतल्या मान्यताप्राप्त घटकांमुळे होणारा दमा स्पष्ट शब्दांत आहे. सलग सहा महिने अशा कामावर असलेल्याला तो झाला, तर तो कामामुळेच झाला असे कायदा गृहीत धरतो. उलटे सिद्ध करण्याचा भार मालकावर. इथवर सगळे चांगले. पण १९४८ च्या कारखाना कायद्यात आणखी एक तिसरी अनुसूची होती, तिचे काम वेगळे. तिच्यातला आजार कुणा कामगाराला झाल्याचे दिसले की व्यवस्थापनाने आणि तपासणाऱ्या डॉक्टरने ते सरकारला कळवलेच पाहिजे. त्या २९ नोंदींमध्ये शिशाची बाधा आहे, सिलिकोसिस आहे, सुताच्या धुळीचा बिसिनोसिस आहे, गोंगाटाने येणारे बहिरेपण आहे. दमा नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कारखाना कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामकाजाच्या अटींविषयीच्या संहितेने घेतली, तिनेही ही यादी तशीच पुढे चालवली. म्हणजे श्वास गेल्यावर भरपाई मागायला कायद्याचे दार उघडे आहे; श्वास जाऊ लागला आहे हे कळवण्याचे बंधन मात्र कुणावर नाही. ज्या आजाराची नोंदच होत नाही, त्याची भरपाई कोण, कशाच्या आधारावर मागणार? भरपाईची तरतूद कागदावर राहण्याचे हे मोठे कारण आहे.

यावर कायद्याचे जाणकार म्हणतील की आयसोसायनेटची विषबाधा त्या यादीत आहे, मग रंगाऱ्याचा दमा तीत बसतोच. ओढूनताणून बसेलही. पण विषबाधा म्हटली की डॉक्टर आणि निरीक्षक दोघांच्याही मनात गळती, बेशुद्धी, रुग्णवाहिका असे चित्र येते. तीन महिने रात्री खोकणारा पोरगा येत नाही. आणि पीठ, लाकडाचा भुसा, सोल्डरिंगच्या राळेचा धूर, धान्याची धूळ, जंतुनाशके यांचे काय? बिसिनोसिसचे उदाहरण येथे बोलके आहे. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी, सोलापूर या पट्ट्यात सुताच्या धुळीने छाती आवळते हे आता मान्य आहे. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी त्रास जास्त, ही त्याची खूण डॉक्टरांना पाठ असते. ती पाठ आहे, कारण कायद्याने त्या आजाराला नाव आणि नोंदीत जागा दिली. दम्याची खूण उलटी असते. सुट्टीच्या दिवशी बरे वाटते, कामाचा आठवडा सरत जाईल तसा त्रास वाढतो. ही खूण किती डॉक्टर विचारतात?

मोजल्याने काय साधते, याचा पुरावा जुना आणि भक्कम आहे. १९६० च्या दशकात कपडे धुण्याच्या पावडरीत विकरे घालायला सुरुवात झाली. १९६९ मध्ये ब्रिटनमधले डॉ. फ्लिंट यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले की ती पावडर बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांना दमा होतो आहे. उत्पादकांनी मग विकरांचे बारीक पीठ वापरणे सोडून त्याचे आवरण चढवलेले दाणे वापरायला घेतले, यंत्रे बंदिस्त केली, धूळ खेचून घेणारी व्यवस्था बसवली. रुग्ण झपाट्याने घटले. कामगारांना कुणी ‘पंप जवळ ठेवा’ एवढे सांगून गप्प बसले असते, तर हे झाले नसते. या कथेला एक उत्तरार्धही आहे, आणि तो जास्त महत्त्वाचा. सुमारे तीस वर्षांनंतर, आवरणाचे दाणे वापरणाऱ्या एका आधुनिक ब्रिटिश कारखान्यात पुन्हा दम्याची साथ आली. २००० साली ‘लॅन्सेट’मध्येच तिचा अहवाल आला. एकदा उपाय केला आणि विसरलो, असे या आजारात चालत नाही. जर्मनीत रुग्णालयांमधल्या पावडर लावलेल्या रबरी हातमोज्यांमुळे परिचारिकांना दमा होई. तिथे १९९० च्या दशकाच्या अखेरीस बिनपावडरच्या मोज्यांची सक्ती झाली आणि नव्या रुग्णांचा आलेख खाली आला. तो खाली आल्याचे जगाला कळले, कारण तिथल्या विमा यंत्रणेकडे दरवर्षीची नोंद होती. आपल्याकडच्या रुग्णालयांनीही मोजे बदलले असतील. त्याने किती परिचारिकांचा दमा टळला, हे कुणालाही सांगता येणार नाही.

दम्याची नोंद सक्तीची करण्यावर पहिला आक्षेप असा की दमा इतका सर्वसाधारण आजार आहे की तो कामामुळेच झाला हे ठरवायचे कसे? घरात चूल असते, उदबत्ती असते, रस्त्यावर धूर असतो, डोंबिवली ते सीएसएमटी लोकलमधली गर्दी असते. आक्षेप रास्त आहे, पण त्याचे उत्तर महागड्या प्रयोगशाळेत नाही. पीक फ्लो मीटर नावाची एक प्लॅस्टिकची नळी असते, काही शे रुपयांची. जोरात फुंकली की काटा आकडा दाखवतो. दिवसातून चार वेळा, तीन-चार आठवडे, कामाच्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशीही फुंकून आकडे वहीत लिहायचे. कामाच्या दिवसांत रेघ खाली आणि सुट्टीत वर, असे दिसले की संशय पक्का होतो. ब्रिटनमध्ये अशा नोंदींवरच निदानाची मदार असते आणि तिथे व्यावसायिक दमा सरकारला कळवणे मालकावर बंधनकारक आहे. यात एक अडचण आपल्या परिस्थितीतली. अनेक बेकऱ्यांमध्ये कामगार तिथेच राहतात, पोटमाळ्यावर झोपतात, आणि खाली भट्टी रात्रभर चालते. ज्याला कामापासून दूर असा दिवसच मिळत नाही, त्याची रेघ वर जाणार कधी? तो गावी गेला की बरा होतो आणि परत आला की महिन्याभरात पुन्हा घरघर सुरू, ही त्याची खूण. ‘गावाला बरे वाटते का?’ एवढा एक प्रश्न डॉक्टरने विचारला तरी पुष्कळ उलगडते. ‘तिकडची हवा चांगली’ असे म्हणून आपण तो उलगडा दवडतो.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो, कारण तो कामगारांच्या बाजूने येतो. दमा नोंदवायचा आजार केला की मालक दमेकऱ्यांना कामावरच घेणार नाहीत. जे आहेत त्यांना काढतील. मग लोक तो लपवतील. हे घडेल, याबद्दल भ्रम नको. पण लपवालपवी आजही चालू आहेच. पंप संडासात जाऊन मारायचा, पाळी चुकू नये म्हणून सकाळी दवाखान्यात वाफ आणि एक इंजेक्शन घेऊन कामावर हजर व्हायचे, खाडा पडला तर ताप होता असे सांगायचे. आज लपवूनही संरक्षण मिळत नाही. नोंद केली तर निदान ते मागता येईल. दमा अपंगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत नाही, त्यामुळे कामात सोय करून द्या असे म्हणायला तो आधारही दमेकऱ्याला नाही. म्हणून नोंदीच्या तरतुदीला दोन गोष्टी जोडाव्या लागतील. संपर्कातून हलवलेल्या कामगाराचा पगार काही काळ तरी तोच राहील, आणि निदानाच्या कारणावरून कामावरून काढणे बेकायदा ठरेल. भरतीच्या वेळी ॲलर्जीची चाचणी करून माणसे गाळण्याचा उपाय काहींना सुचतो. तो अन्याय्य तर आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे. ॲलर्जीची प्रवृत्ती लोकसंख्येतल्या मोठ्या हिश्शात असते, त्यातल्या बहुतेकांना कामावर दमा कधीच होत नाही. आणि आयसोसायनेटमुळे दमा होणाऱ्या अनेकांत ती प्रवृत्ती नसते. चाळणीने चुकीचेच दाणे खाली पडतात.

‘मास्क दिले आहेत, घालत नाहीत त्याला काय करणार’, हे वाक्य प्रत्येक व्यवस्थापकाच्या तोंडी असते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली आठ तास घट्ट मास्क घालून दाखवा, मग बोलू. सुरक्षेच्या शास्त्रात मास्कचा क्रमांक शेवटचा आहे. त्याआधी घातक पदार्थ बदलता येतो का, मग प्रक्रिया बंदिस्त करता येते का, मग हवा खेचून घेता येते का, हे पाहायचे असते. लहान धंद्याला हे परवडत नाही, असे म्हटले जाते, आणि स्प्रे बूथच्या, म्हणजे रंगकामाच्या बंदिस्त कक्षाच्या, बाबतीत ते बऱ्याच अंशी खरे आहे. एकेका गॅरेजला तो परवडणार नाही. औद्योगिक वसाहतीत पाच-पन्नास गॅरेजांना मिळून भाड्याने वापरता येईल असा सामायिक बूथ ही औद्योगिक विकास महामंडळाने करायची गोष्ट आहे. बेकरीत मात्र पैशाची सबब टिकत नाही. पोते हळू आणि खाली धरून रिकामे करणे, मिक्सरला झाकण, कोरड्या झाडूऐवजी ओले पुसणे, मैदा भिरकावण्याऐवजी चाळणीने भुरभुरणे किंवा तेलाचा हात. सफाईत फवारा मारण्याऐवजी फडक्यावर घेऊन पुसणे. यात खर्चापेक्षा सवय मोडण्याचा भाग मोठा आहे, आणि मुकादम रोज मागे लागल्याशिवाय सवय मोडत नाही.

कार्यालयांबद्दल थोडक्यात. तिथे दमा सहसा जडत नाही, बळावतो. पावसाळ्यात ओल आलेली फॉल्स सीलिंग, वर्षानुवर्षे न धुतलेली एसीची जाळी, दर काही मिनिटांनी फुस्स करणारे सुगंधी यंत्र, शनिवारी पेस्ट कंट्रोल करून सोमवारी बंद खिडक्यांसह उघडलेला मजला, दसऱ्याला संगणकांपुढे पेटवलेला धूप. धूप बाहेरच्या व्हरांड्यात ठेवावा म्हटले तर कुणाची श्रद्धा दुखावण्याचे कारण नाही. त्याहून महत्त्वाचे उपचारांचे. निळा पंप तात्पुरता आराम देतो; श्वासनलिकेची सूज उतरवणारे औषध वेगळे असते आणि ते लक्षणे नसतानाही घ्यायचे असते. ‘जागतिक दमा उपक्रमा’ने २०१९ पासून फक्त तात्पुरत्या पंपावर रुग्णाला ठेवू नये असे स्पष्ट सांगितले आहे. तरीही ‘पंपाची सवय लागते’ या समजुतीने लोक गोळ्या आणि इंजेक्शनांवर निभावतात. कंपनीच्या डॉक्टरचे खरे काम इथे आहे. दर आठवड्याला निळा पंप संपवणारा कर्मचारी म्हणजे त्याचा दमा आटोक्यात नाही आणि त्याच्या भोवतालची हवा तपासायला हवी, असा त्याने अर्थ लावला पाहिजे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. नव्या संहितेचा आवाका साधारणपणे दहा किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांपर्यंत; चार पोरांचे गॅरेज, सोसायटीची सफाई, घरगुती पापड-मसाल्याचे कांडप त्यात येतच नाही. मोफत वार्षिक तपासणीही चाळिशी ओलांडलेल्यांसाठी. ज्या आजाराला जडायला दोन-तीन वर्षे पुरतात, त्यात चोविशीतल्या रंगाऱ्याला तिचा काय उपयोग? मग अनुसूचीत एक ओळ वाढवून काय होणार? मालकाकरवी होणारी नोंद या लोकांपर्यंत पोहोचणार नाही, हे खरे. म्हणून नोंद डॉक्टरच्या टेबलावरही व्हायला हवी, रुग्ण कुठे काम करतो याचा विचार न करता. हे अशक्य नाही, कारण आपण ते एका आजारात केले आहे. २०१२ मध्ये क्षयरोग नोंदवणे खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक झाले, ‘निक्षय’ प्रणाली आली. सुरुवातीला कुरबुर झाली, डॉक्टर टाळाटाळ करत. पण हळूहळू खासगी दवाखान्यांतून येणाऱ्या नोंदी लाखांत गेल्या आणि हा आजार खरोखर किती आहे ते कळू लागले. दम्यासाठी प्रत्येक रुग्णाची नोंद करण्याची गरजही नाही. वय काम करण्याचे आहे का, काम काय, सुट्टीत बरे वाटते का, एवढ्या तीन उत्तरांवर संशय आला तरच एक अर्ज भरायचा. महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे, कामगार विमा रुग्णालये आहेत, वैद्यकीय महाविद्यालयांत छातीरोग विभाग आहेत. सुरुवात त्या रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागापासून करता येईल.

क्षयाच्या बाबतीत नोंद सक्तीची झाली तेव्हा आकडे वाढले, आणि दम्याच्या बाबतीतही पहिली काही वर्षे ते वाढतीलच. ज्या कारखान्याचा डॉक्टर प्रामाणिक, त्याच्या नावावर जास्त रुग्ण दिसतील; ज्याने डोळे मिटले, तो निष्कलंक ठरेल. निरीक्षकांना आत्ताच हे सांगून ठेवायला हवे की तपासणीची गाडी आधी जिथे पाच वर्षांत शून्य नोंदी आहेत त्या दारात न्यावी, आणि तिथे रजिस्टर मागण्याआधी गेल्या वर्षात रात्रीच्या खोकल्यासाठी किती जणांनी रजा काढली ते विचारावे.